बास येईपर्यंत

१

सोलापुरात जुन्या पुणे नाक्याच्या मागच्या बोळात सिद्धेश्वरीचं गॅरेज आहे. पाटी अजून 'चनबसप्पा मिस्त्री' अशीच आहे, आणि ती बदलायचं कुणी सुचवलं की त्या माणसाची गाडी हमखास दोन दिवस उशिरा मिळते. एक्केचाळीस वर्षांची बाई, अंगात वडिलांचा जुना खाकी शर्ट, केसांचा गच्च अंबाडा, आणि नजर अशी की गाडी कुठं आपटली ते गिऱ्हाईक आपणहून कबूल करतं. लोक आधी हसले, मग दबकत आले, आणि आता नंबर लावून थांबतात.

चनबसप्पा म्हणजे तिचे अप्पा. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. गॅरेजला लागूनच्या मागच्या खोलीत लोखंडी कॉटवर ते पडून असायचे. डावा हात आणि कान मात्र शाबूत राहिले. त्या हातात सिद्धेश्वरीनं एक लहान पाना दिला. ती बाहेर इंजिन चालू करायची, अप्पा आत ऐकायचे आणि कॉटच्या पाइपवर पान्यानं टोला द्यायचे. एक टोला म्हणजे टायमिंग पुढं घे. दोन म्हणजे मागं घे. तीन म्हणजे बास.

हे बास मिळवणं सोपं नसतं. जुन्या पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी हे एक डबा ठरवतो, गॅरेजवाले त्याला डेल्को म्हणतात. डबा हातानं जरासा एका बाजूला फिरवला की ठिणगी लवकर पडते, म्हणजे टायमिंग पुढं जातं; दुसऱ्या बाजूला फिरवला की उशिरा, म्हणजे मागं. लवकर पडली तर गाडी सुरू होताना उलटा झटका देते आणि चढाला खडखडते. उशिरा पडली तर सुस्तावते, तापते. या दोन्हींच्या मध्ये केसभर जागा आहे. तिथं इंजिन आलं की आवाज एकदम गोल होतो, आणि धडधाकट असताना अप्पा डोळे मिटून म्हणायचे, "बास." मगच डब्याचा बोल्ट आवळायचा. चौदा वर्षांची असताना सिद्धेश्वरीनं एकदा घाईघाईत आधीच आवळला होता, तर अप्पांनी तिला संध्याकाळपर्यंत तोच बोल्ट सोडायला आणि लावायला बसवलं होतं. तेव्हापासून तिच्या हाताला ते वळण कायमचं लागलं.

दुसरा झटका आला तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आई लहानपणीच गेलेली, लग्न केलेलं नाही, घरात दुसरं माणूस नाही. सिद्धेश्वरीला साप, विंचू, पोलीस, कशाचीच भीती वाटत नसे. अप्पा जातील आणि या दोन खोल्यांत आपण एकटी उरू, एवढ्या एकाच गोष्टीची तिला भीती होती, आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नसे.

२

उजनी धरणाच्या पाण्याकाठचे आबासाहेब टेम्पोवर एक पेट्रोल जीप घालून घेऊन आले. केळीची बाग, पांढऱ्या मिशा, मोठा आवाज. जीप त्यांच्या वडिलांची. सोळा वर्षं गोठ्याशेजारी उभी होती, आणि आता नातीनं, ऋतुजानं हट्ट धरला होता की वरात निघेल तर याच जीपमधून.

"शुक्रवारी लगीन हाय. मिस्त्रींनीच लावलेलं टायमिंग हाय ह्या गाडीचं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाय म्हनून हितवर आणली," आबासाहेब म्हणाले आणि खोलीत जाऊन अप्पांच्या पायाला हात लावून आले. "मिस्त्री, वळखलं का?"

अप्पांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. ओळखलं होतं.

सोमवारी सकाळी सिद्धेश्वरीनं बॉनेट उघडलं. बॅटरी बदलली, टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला. प्लगला ठिणगी येत नव्हती. डब्याचं झाकण काढलं तर आतले पॉइंट जळून काळे झालेले. ते पॉलिश पेपरनं घासले आणि त्यांच्यामधली फट लावायला ऋतुजाच्या लग्नपत्रिकेचा कोपरा घातला. अप्पांचीच पद्धत ती, जाड पत्रिका मापाला बरोबर बसते. ठिणगी निळी आणि टणटणीत आली. आता राहिलं टायमिंग. पुलीवरची खूण गंजून गेली होती, त्यामुळे टायमिंग लाइट लावून उपयोग नव्हता. कानानंच लावायचं होतं.

तिनं बोल्ट सैल केला, अंदाजानं डबा धरला आणि आत ओरडली, "अप्पा, मारते हं सेल्फ!"

आतून दोन टोले आले. टण टण.

मागं घे.

सिद्धेश्वरीचा हात चावीवर होता. चावी अजून फिरलेली नव्हती.

शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात चार माग खडखडत होते. त्यातलंच काहीतरी ऐकलं असेल अप्पांनी, असं म्हणून तिनं चावी फिरवली. इंजिन पकडता पकडता थडाड करून उलटा झटका बसला आणि अख्खी जीप हादरली. टायमिंग फार पुढं होतं. मागंच घ्यायला हवं होतं.

"व्हय की," ती स्वतःशी म्हणाली आणि डबा जरा मागं फिरवला. हसलीही. म्हाताऱ्याला आता इंजिन ऐकायचीही गरज उरली नाही.

३

दुपारपर्यंत तिचं हसू ओसरलं.

टोले आधी यायचे, इंजिन मागून तेच सांगायचं. पहिल्यांदा एका श्वासाचं अंतर होतं. मग चार श्वासांचं. तिनं मोबाइल खिडकीत ठेवून रेकॉर्ड केलं आणि मागच्या पायरीवर बसून ऐकलं. आधी दोन टोले, मग तिचं स्वतःचं खोकणं, मग पाना खाली पडल्याचा आवाज, आणि मग कुठं सेल्फ. रेकॉर्डिंगमध्येही तसंच होतं म्हणजे कानाचा भास नव्हता.

तिनं स्वतःची समजूत घातली. पन्नास वर्षं इंजिनं ऐकलेला माणूस. पत्ते खेळणाऱ्याला समोरचा काय टाकणार ते कळतं, तसं अप्पांना कळत असेल. ही गाडी तर त्यांच्याच हाताखालून गेलेली.

मग तिनं मुद्दाम खोडी काढली. डोळे घट्ट मिटले, डबा दोन-तीनदा इकडे-तिकडे फिरवला आणि कुठंतरी सोडून दिला. कुठल्या बाजूला गेला हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. सेल्फ मारला. गाडी घरघरली, सुस्त, दमेकऱ्यासारखी. टायमिंग मागं गेलं होतं, म्हणजे एक टोला हवा. आतून काहीच आलं नाही.

"चुकला की नाही अप्पा!" ती आनंदानं ओरडली. तिला खरंच बरं वाटलं. दार ढकलून ती आत गेली.

शेजारची सावित्रम्मा तिथं बसली होती. तेलुगू घरातली ही विणकर बाई दुपारच्या सुट्टीत अप्पांपाशी बसायची, हातातल्या दोऱ्याचा गुंता सोडवत.

"आत्ता काही वाजवलं का त्यांनी?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"आत्ता न्हाय अक्का. मगाशी वाजवलं की. मी आले न्हाई का, तवा. एक टोला."

"तुमी कवा आला?"

"झाली की दहा मिन्टं." सावित्रम्मानं आवाज खाली आणला. "आनि ते जागे न्हाईत अक्का. घोरत होते. हातच जागा हाय नुसता."

सिद्धेश्वरीनं अप्पांकडे बघितलं. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती, तोंड किंचित उघडं होतं, छाती वरखाली होत होती. डावा हात पाना धरून पोटावर होता, आणि खरंच, तेवढा हात त्या झोपेत सामील नव्हता. मागांचा आवाज भिंतीतून येत राहिला. उन्हानं खोली इतकी पांढरी झाली होती की भिंत कुठं संपते आणि दार कुठं सुरू होतं ते नीट कळत नव्हतं.

४

मंगळवारी सकाळी अप्पांना आंघोळ घालून, गळ्यातलं इष्टलिंग नीट करून, आंबील भरवून झाली. सिद्धेश्वरी उंबऱ्यात बसून भाकरी खात होती. जीप बाहेर बंद उभी होती, बॅटरीची वायर काढलेली.

अप्पा वाजवायला लागले.

टण टण. दोन.

ती चावायची थांबली. बराच वेळ गेला. मग टण. एक. परत बराच वेळ. टण टण.

मग, शांतपणे, तिनं हजारदा ऐकलेल्या त्याच चालीवर, टण टण टण.

अप्पांनी पाना पोटावरून उचलला, शेजारी गोधडीवर अलगद ठेवला आणि हात मोकळा केला. काम झाल्यावर ते असाच ठेवायचे पाना, कधी फेकायचे नाहीत. सिद्धेश्वरीनं तो पुन्हा त्यांच्या हातात दिला. बोटं मिटली नाहीत. पुन्हा दिला. पाना घरंगळून खाली पडला.

"अप्पा, धरा की. अजून काम व्हायचंय." त्यांनी तिच्याकडे बघितलं. नजर जागी होती आणि समाधानी होती. तिला ते अजिबात आवडलं नाही.

डॉक्टर येऊन बघून गेले. रक्तदाब ठीक, नाडी ठीक. हात दमला असेल म्हणाले.

दहाच्या सुमारास ती कामाला लागली. वायर जोडली, सेल्फ मारला. इंजिन पकडलं, पण काल संध्याकाळी पुढं घेतलेलं टायमिंग जरा जास्तच पुढं गेलं होतं. आतून काही येणार नाही हे माहीत असूनही ती क्षणभर थांबली आणि मग स्वतःच्या कानानं डबा मागं घेतला. थोडा जास्तच गेला. पुढं घ्यावा लागला. परत जरा जास्त पुढं. आता केसभर मागं घेतला की झालं.

तिचा हात डब्यावरच थांबला.

मागं. पुढं. मागं. सकाळी जेवताना ऐकलेलं तिला आठवलं. दोन. एक. आता पुन्हा दोन यायचे होते. आणि त्यानंतर तीन.

इंजिन थडथडत होतं. तिनं विचार केला, सावकाश, एखादा अवघड नट सोडवावा तसा. अप्पा पुढं चाललेत. कालपासून पुढं पुढं. जे अजून व्हायचंय ते त्यांचा हात आधीच ऐकतो. मग बासनंतर हाताला काही ऐकू का येत नाही? वरात आहे, पुढच्या गाड्या आहेत, दिवाळीत दोन स्कूटर यायच्यात. त्यातलं काहीच त्यांनी का वाजवलं नाही?

उत्तर तिला लगेच मिळालं होतं. तरी दोन-तीनदा तिनं ते नव्यानं शोधून पाहिलं. मग तिनं चावी बंद केली, डब्याला हात न लावता बॉनेट खाली घेतलं आणि फडक्यानं हात पुसत राहिली. हात स्वच्छ झाले तरी ती पुसतच होती.

५

तेव्हापासून तिनं जीपला हात लावला नाही. ठरवलं, बास येऊच द्यायचं नाही. बास आलं नाही, तर अप्पांचं ऐकणंही संपणार नाही. केसभर राहिलंय ना, राहू दे आयुष्यभर.

आबासाहेबांचा फोन आला. पार्ट मिळत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा आला, तर पुण्याहून मागवलाय म्हणाली. कधी गिऱ्हाइकाशी खोटं न बोललेली बाई, पण अप्पांसाठी ती देवाच्या समोरही बोलली असती.

अप्पांच्या कॉटशी बसून ती दुसरी कामं करायची. कार्बोरेटर मांडीवर घेऊन उघडायची. अप्पा नीट जेवत होते, नीट झोपत होते. जागे असले की दारातून दिसणाऱ्या जीपच्या बॉनेटकडे बघायचे आणि मग तिच्याकडे. अर्धवट काम दारात उभं राहिलेलं त्यांना कधीच खपलं नव्हतं.

"असं बघू नका," ती म्हणायची. "न्हाय करनार मी. तुमी कितीबी बघा."

बुधवारी दुपारी ती समोरच्या दुकानातून साबण घेऊन आली. बाहेरचं ऊन डोळ्यांत भरलेलं होतं. खोलीच्या दारात तिचं पाऊल थबकलं.

कॉट भिंतीला उभी केलेली होती. गादीची गुंडाळी करून कोपऱ्यात बांधून ठेवली होती. फरशी नुकतीच पुसल्यासारखी ओली होती, आणि जिथं अप्पांचं डोकं असायचं तिथं, फरशीवर, एक पणती जळत होती. खोली फार मोठी वाटत होती. भर दुपारी त्या ज्योतीला जराही तेज नव्हतं.

तिनं डोळे मिटले. साबणाची वडी हातात इतकी घट्ट धरली की कागद फाटला. उघडले तेव्हा कॉट जागच्या जागी होती, अप्पा कॉटवर होते आणि तिच्याकडे बघत होते. फरशी कोरडी होती. तिनं गुडघ्यावर बसून तळहातानं चाचपून पाहिली, अगदी कॉटच्या खालपर्यंत. मग तिथंच बसून, लहानपणी रडायची तशी, आवाज करून रडली. अप्पांचा डावा हात हळूहळू तिच्या डोक्यावर आला.

६

गुरुवारी सकाळी अकराला आबासाहेब न सांगता दारात हजर झाले. सोबत लाडवांचा पुडा आणि अंगावर लग्नघरातली घाई.

"पोरी, उद्या लगीन हाय. पार्टचं र्‍हाऊ दे. चालू व्हतीय न्हवं?"

"टायमिंग बसलं न्हाय आबा. झटका देती. चढाला खडखडतीय."

"खडखडू दे की! आमच्या म्हाताऱ्याच्या हाताखाली जन्मभर खडखडलीच. वरातीला काय पळवायचीय व्हय?"

सिद्धेश्वरी नाही म्हणायला तोंड उघडणार होती, पण तिच्या मनात एकदम लख्ख उजेड पडला. गेली तर बरंच की! ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, पाण्याकाठी, केळीच्या बागेत. तिथं कोण लावतंय टायमिंग? इथं दारात उभी असली तर आज ना उद्या आपलाच हात वळवळेल.

"न्या," ती म्हणाली. "पन एक ऐका आबा. हिला कुनाचा हात लागू द्यायचा न्हाय. वरात झाली की तशीच ठेवा. लागलं तर मला बोलवा."

"तुझ्याबिगर कुनाला बोलवनार?" आबासाहेबांनी अप्पांना लांबूनच हात जोडले आणि चावी फिरवली. दोनदा उलटा झटका बसला, तिसऱ्यांदा इंजिन पकडलं. बोळाच्या चढाला सिद्धेश्वरीनं मागून खांदा लावला. जीप खडखडत वळणावरून दिसेनाशी झाली.

ती आत येऊन कॉटच्या कडेला बसली आणि अप्पांचा डावा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. गरम होता. चार दिवसांत पहिल्यांदा तिला मनापासून भूक लागली. "आज गव्हाची हुग्गी करते," ती म्हणाली. "गूळ जास्त घालून. चालंल न्हवं?"

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, शेजारचे चारही माग एकदम गप्प झाले. सगळा बोळ ऐकू यायला लागला. लांबवरचं कुत्रं, कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी, आणि हायवेकडे निघालेली जीप. पुलाचा चढ चढत होती. खडखड स्पष्ट कळत होती.

सिद्धेश्वरी समाधानानं ऐकत बसली. आणि मग तिच्या उजव्या हाताला आठवलं.

बोल्ट आवळलेला नव्हता.

मंगळवारी बॉनेट खाली घेताना नाही, आज देताना नाही. बास आलंच नव्हतं, मग हात बोल्टकडे गेलाच कसा असता? सत्तावीस वर्षांत बास येण्याआधी तो कधी गेला नव्हता. आणि सैल डबा जागेवर राहत नाही. आतल्या फिरण्यानं, रस्त्याच्या धक्क्यांनी हळूहळू सरकतो, आणि सरकतो तो मागंच.

तिनं मोबाइल घेतला, नंबर लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. आबासाहेब गाडी चालवत होते. खिशातला फोन त्यांना त्या खडखडाटात काय ऐकू येणार? "उचला की, उचला," ती म्हणत होती. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात अप्पांचा हात. पळत बाहेर जावं तर हा हात सोडावा लागत होता, आणि तो तिला सोडवेना.

खडखड कमी झाली.

आधी तिला वाटलं जीप लांब गेली म्हणून. पण आवाज तर ऐकू येत होता, चांगला ऐकू येत होता. त्यातली खडखड तेवढी विरळ होत चालली होती. पुलाच्या माथ्यावर इंजिननं दम घेतला आणि उतार सुरू झाला. एक एक करून वेडेवाकडे ठोके जागेवर बसत गेले. सिद्धेश्वरीनं मोबाइल कानापासून खाली घेतला. सोळा वर्षं बंद पडलेली जीप भर उन्हातल्या शांततेत चालली होती, आणि तिचा आवाज गोल होत होता, आणखी गोल, आणखी, कुठं टोक नाही, कुठं ओरखडा नाही. इतकं सुरेख लागलेलं इंजिन तिनं अप्पांच्या धडधाकट दिवसांतही क्वचित ऐकलं होतं. तिचे डोळे आपोआप मिटले. कपाळावरची आठी सुटली.

"बास," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं. लांबवर जीपचा आवाज तसाच एकसारखा चालला होता. अप्पांचा हात तिच्या हातात होता. तो अजून गरम आहे की तिच्याच हातांची ती ऊब आहे, हे तिला ठरवता येईना. कळायला फक्त मान वळवून बघायचं होतं, आणि ती डोळे मिटून तशीच बसून राहिली.